गोडे पाणी, ताठरलेली हाडे : भूजलातील फ्लोराइड आणि आपले आरोग्य

पाणी गढूळ असले, त्याला दुर्गंधी येत असली किंवा त्यात अळ्या वळवळताना दिसल्या, तर ते पिऊ नये हे आता कोणालाही सांगावे लागत नाही. पाणी दुहेरी फडक्याने गाळावे, उकळून थंड करावे, विहिरीत विरंजक चूर्ण टाकावे ही शिकवण गेल्या दोन-तीन पिढ्यांत घरोघर पोहोचली आहे. परंतु एक पाणी असेही असते, की जे काचेसारखे नितळ, थंडगार, चवीला गोड आणि रोगजंतूंपासून मुक्त असते आणि तरीही वर्षानुवर्षे प्राशन केल्यास मुलांचे दात डागाळतात, प्रौढांची मान व कंबर ताठरते आणि काही दुर्दैवी माणसांना अखेरीस अंथरुणाला खिळून राहावे लागते. या व्याधीस वैद्यक शास्त्रात ‘फ्लोरोसिस’ असे नाव आहे. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आदी जिल्ह्यांतील अनेक गावांना तिचा परिचय झालेला आहे.

परिसराचा आरोग्यावर होणारा परिणाम म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचे धुराडे किंवा नदीत सोडलेले सांडपाणी उभे राहते. येथे धुराडे नाही आणि सांडपाणीही नाही. दोष कोणाचा म्हणावा, तर तो पायाखालच्या खडकाचा. म्हणूनच परिसरातील एखादा पदार्थ शरीरात कसा शिरतो, कोठे साठतो, कोणाला अधिक बाधतो आणि कोणाला कमी, हे समजून घेण्यासाठी फ्लोराइडइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हापशीचे उपकार

या प्रश्नाचा विचार करताना हातपंपावर, म्हणजे आपल्या गावकऱ्यांच्या हापशीवर, अन्याय होऊ नये अशी काळजी प्रथम घेतली पाहिजे. पूर्वी महाराष्ट्रातील अनेक गावे पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी पीत. पाणी भरणारा माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभा राही. त्याच्या पायाला नारूची जखम असेल, तर कृमीची अंडपिल्ले पाण्यात मिसळत, तेथील सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या शरीरात शिरत. वर्षभराने त्याच्या पायातून हातभर लांबीचा दोरा बाहेर पडू लागे. पटकी, हगवण आणि विषमज्वर यांचा प्रसारही असल्याच उघड्या पाण्यातून होई.

१९७२ च्या दुष्काळात राज्यातील विहिरी आटल्या. कठीण खडकात काही तासांत खोलवर छिद्र पाडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली आणि विंधनविहिरींचे युग सुरू झाले. प्रारंभीचे ओतीव लोखंडाचे पंप गावाच्या अहोरात्र वापराला टिकत नसत. या अडचणीवर उत्तर शोधण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. जालना आणि सोलापूर येथे मिशनरी संस्थांशी संबंधित कार्यकर्त्यांनी पोलादाचे भक्कम पंप तयार केले आणि सोलापूर पंपाच्या रचनेवरूनच पुढे ‘युनिसेफ’च्या सहकार्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप सिद्ध झाला. तो पुढे आशिया आणि आफ्रिकेतील कित्येक देशांत पोहोचला. बंदिस्त पाण्यामुळे नारूची साखळी तुटली. देशातील अखेरच्या रुग्णाची नोंद १९९६ मध्ये झाली आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. एका यंत्राने केलेले हे कार्य लहान नव्हे.

मात्र विंधनविहीर खोदताना पाणी किती लागले याचीच नोंद प्रामुख्याने होई. त्या पाण्यात काय विरघळले आहे याची चौकशी बहुधा मागाहून होई, कित्येकदा होतही नसे. प्रसिद्धीच्या कामात असलेल्या आम्हां मंडळींकडेही या दोषाचा काही वाटा येतो. हापशीतून उसळणाऱ्या पाण्याचे छायाचित्र सुरेख येते. पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाचे येत नाही. असाच अनुभव बांगलादेशालाही आला. अतिसारापासून मुलांना वाचविण्यासाठी तेथे लक्षावधी नलिकाकूप बसविण्यात आले आणि त्यांतील अनेकांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९० नंतरच्या दशकात उघडकीस आले.

खडकातून घागरीत

फ्लोरीन हे मूलद्रव्य पृथ्वीच्या कवचात विपुल आहे. फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट आणि काळा अभ्रक या खनिजांमध्ये ते आढळते. ग्रॅनाइट व नाइस या जातीच्या प्राचीन खडकांत ही खनिजे अधिक असतात. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे आणि या खडकातील पाण्यात फ्लोराइड सामान्यत: कमी असते. पूर्व विदर्भात आणि नांदेड जिल्ह्याच्या किनवटकडील भागात मात्र बेसाल्टचे आवरण संपून जुने खडक वर आलेले दिसतात. काही ठिकाणी बेसाल्टचा थर पातळ असतो व विंधनविहीर तो भेदून खालच्या निराळ्या खडकात पोहोचते. त्यामुळे एकाच गावात वरच्या आळीतील हापशीचे पाणी निर्दोष आणि खालच्या आळीतील सदोष, असा प्रकार घडतो. शेजारच्या गावाचे पाणी तपासले म्हणून आपले तपासण्याची गरज नाही, असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

पाणी खडकाच्या भेगांत जितका अधिक काळ मुरून राहते, तितकी खनिजे त्यात अधिक विरघळतात. पावसाचे पाणी उथळ विहिरीत काही दिवसांत अथवा महिन्यांत उतरते. खोल भेगांतील पाणी कित्येक वर्षांचे जुने असू शकते. याखेरीज आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कॅल्शियम व फ्लोराइड एकत्र आले, की त्यांचा सहजी न विरघळणारा क्षार बनतो. ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, त्यात फ्लोराइडला फारसे टिकता येत नाही. उलट कॅल्शियम जमिनीत चुनखडीच्या रूपाने अडकून पडले आणि पाण्यात सोड्याचा अंश वाढला, की फ्लोराइडला मोकळे रान मिळते.

या रसायनशास्त्राचा घरातील चुलीशी फार निकटचा संबंध आहे. काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी जाण्याचा योग आला होता. गावात चांगली बांधलेली उघडी विहीर होती. तिचे पाणी निर्धोक असल्याचा अहवाल होता. तरीही बायका ज्या हापशीचे पाणी पिऊ नये असे सांगितले होते, तिच्याभोवतीच रांग लावून उभ्या होत्या. कारण विचारता एक मावशी म्हणाल्या, “विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही जी. हापशीचं पाणी हलकं हाये.” त्यांचे निरीक्षण अगदी बिनचूक होते. विहिरीचे पाणी जड होते, म्हणजे त्यात कॅल्शियम होते; म्हणून डाळ शिजत नव्हती, साबणाला फेस येत नव्हता. हापशीच्या पाण्यात ते नव्हते, म्हणून डाळ लवकर शिजत होती. आणि नेमक्या त्याच कारणाने त्यात फ्लोराइडही होते. सर्वच हलके पाणी सदोष असते असा याचा अर्थ नाही आणि जड पाण्यात फ्लोराइड कधीच नसते असेही नाही. परंतु जिभेची आणि चुलीची साक्ष या बाबतीत उपयोगी पडत नाही, किंबहुना ती फसवी ठरते, एवढे त्या एका वाक्यावरून माझ्या ध्यानात आले.

दातांचे गूढ

या रोगाचा शोध दातांपासून लागला. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी आला. तेथेच जन्मलेल्या व वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग असल्याचे त्याला दिसले. हे डाग घासून जात नसत. मोठेपणी बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांना मात्र ते नव्हते. मॅकेने या कोड्याचा पाठपुरावा जवळजवळ तीस वर्षे केला. आयडाहो राज्यातील ओकली गावात पालकांनी त्याला सांगितले, की पाच मैलांवरील एका ऊन झऱ्याचे पाणी नळाने आणल्यानंतर हे डाग दिसू लागले. मॅकेच्या सल्ल्यावरून गावाने तो झरा सोडून दुसरा घेतला आणि त्यानंतर काही वर्षांनी लहान मुलांना येणारे नवे दात स्वच्छ निघाले. पाण्यात नेमके काय आहे हे अद्याप कोणालाच ठाऊक नव्हते. तरी उपाय सापडला होता.

पुढे आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट या खाणगावी तोच प्रकार आढळला. तेथे उथळ विहिरी सोडून खोल विंधनविहिरींचे पाणी घेतल्यानंतर मुलांचे दात डागाळू लागले होते. गाव अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे. साहजिकच आपल्या भांड्यांवर ठपका येईल या धास्तीने कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी १९३१ मध्ये त्या पाण्याचे सूक्ष्म पृथक्करण केले. त्यात अपेक्षेबाहेर फ्लोराइड निघाले.

डाग पडतात ते का, हेही समजून घेण्याजोगे आहे. दाताचे कवच हिरडीच्या आत असताना, वयाच्या साधारण आठ वर्षांपर्यंत, घडत असते. त्या काळात फ्लोराइड अधिक गेले तर कवच नीट भरत नाही, ते सच्छिद्र राहते. प्रथम खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, पुढे ते पिवळे अथवा तपकिरी होतात. एकदा कवच पूर्ण झाले, की मग किती का फ्लोराइड जाईना, असे डाग नव्याने पडत नाहीत. म्हणून एखाद्या गावातील वीस वर्षांच्या तरुणाचे दात पाहून तो लहानपणी कोणते पाणी प्यायला हे सांगता येते. आज तो कोणते पाणी पितो हे मात्र सांगता येत नाही. आजच्या पाण्याची साक्ष आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या नव्या दातांकडे मागावी लागते. शाळेतील शिक्षकांना हे सहज जमण्यासारखे आहे. मशेरी, तंबाखू किंवा पान यांचे डाग हिरडीच्या कडेला व दातांच्या फटींत बसतात आणि दंतवैद्य ते खरवडून काढू शकतो. फ्लोराइडचे पट्टे आडवे असतात, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे उमटतात व कवचातच असल्याने निघत नाहीत. विवाहयोग्य मुलींना या पट्ट्यांपायी जे ऐकून घ्यावे लागते, त्याची मोजदाद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

हाडांवर होणारा परिणाम

दातांचे डाग ही केवळ सूचना असते. खरे नुकसान हाडांत होते. शरीरातील सुमारे नव्व्याण्णव टक्के फ्लोराइड हाडे व दात यांत असते. प्रौढ माणसाच्या शरीरात शोषल्या गेलेल्या फ्लोराइडपैकी साधारण निम्मे मूत्रावाटे बाहेर जाते, उरलेले हाडांत बसते. वाढत्या वयाच्या बालकांत साठणारा हिस्सा याहून बराच मोठा असतो. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांच्याही शरीरात ते अधिक साठते. हाडात शिरलेले फ्लोराइड बाहेर पडण्यास कित्येक वर्षे लागतात. हाडे त्यामुळे घट्ट होतात, पण बळकट होत नाहीत. स्नायुबंधांत चुना साठून ते कडक होतात. मणक्यांच्या आतील पोकळी अरुंद होऊन मज्जारज्जूवर दाब आला, तर हातापायांतील शक्ती जाते.

हे वर्णन प्रथम कारखान्यातील कामगारांवरून झाले. डेन्मार्कमध्ये क्रायोलाइट या खनिजाची भुकटी श्वासावाटे व तोंडावाटे घेणाऱ्या मजुरांच्या हाडांचा अभ्यास काज रोहोल्म या वैद्याने केला व त्याचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारतात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात हीच व्याधी खेड्यातील शेतकऱ्यांत आढळल्याचे जाहीर केले. कोपनहेगनचा मजूर भुकटीतून आणि नेल्लोरचा शेतकरी पाण्यातून एकाच ठिकाणी पोहोचला होता. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात तर तिसराच मार्ग दिसून आला. तेथे मका व मिरच्या घरातच कोळशाच्या उघड्या शेगडीवर सुकवीत, आणि कोळशात व त्यात मिसळलेल्या मातीत फ्लोराइड असल्याने ते धुरावाटे धान्यात उतरे.

आपल्याकडे या व्याधीचे नाव ज्या जिल्ह्याशी कायमचे जोडले गेले तो नळगोंडा आज तेलंगणात आहे. तेथील हाडांच्या विकृतीचे वर्णन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी तेथील तरुण मुलांत गुडघे एकमेकांवर आपटतील असे पाय वाकल्याचे निदर्शनास आणले. त्याच संस्थेत पुढे असेही दिसून आले, की भात खाणाऱ्यांपेक्षा ज्वारी खाणाऱ्यांच्या शरीरात फ्लोराइड अधिक टिकते. आपल्या भाकरीवर यावरून संशय घेण्याचे कारण नाही. पाण्यात दोष नसेल तर ज्वारी निर्दोषच आहे.

खेड्यात ही व्याधी सहसा ओळखू येत नाही, कारण ती वातासारखी सुरू होते. चाळिशीतला माणूस कंबर धरली म्हणतो, पायाला मुंग्या येतात म्हणतो, मलम चोळतो, वेदनाशामक गोळ्या खातो. ‘वय झाले’ असे सांगून त्याची बोळवण होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीन सोप्या कसोट्या करता येतात. गुडघे न वाकविता पायाच्या अंगठ्याला हात लागतो का, हनुवटी छातीला टेकते का आणि दोन्ही हात डोक्यामागे नेऊन जुळविता येतात का, एवढे पाहावयाचे. यांपैकी काही जमत नसेल आणि गावचे पाणी संशयास्पद असेल, तर पुढील तपासणी आवश्यक ठरते. हाताच्या पुढील भागाच्या क्ष-किरण चित्रात दोन हाडांमधील पडद्यात चुना साठलेला दिसला, तर निदान बहुतांशी पक्के होते. हाडांत झालेला बदल पूर्ववत करणारे औषध आज उपलब्ध नाही. म्हणून साऱ्या उपायांचा रोख पाण्याकडेच वळतो.

मात्रेचा हिशेब

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ पासून १.५ हीच मर्यादा मानली आहे. या मर्यादेच्या आत अल्प प्रमाणातील फ्लोराइड दात किडण्यास आळा घालते, म्हणून तर ते दंतमंजनात मिसळतात. पोषक आणि घातक मात्रांमधील अंतर इतके थोडे असलेले पदार्थ फार नाहीत.

पण लिटरमागे किती, एवढा एकच आकडा पुरेसा नाही. समजा, हापशीच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. सावलीत बसून काम करणारा माझ्यासारखा कारकुनी पेशाचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो. त्याच्या पोटात ४ मिलिग्रॅम जातात. वैशाखात कापसाच्या पराट्या उपटणारा अथवा मातीकाम करणारा मजूर सहा लिटर पितो. त्याच्या पोटात १२ मिलिग्रॅम जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने २००२ मध्ये झालेल्या समीक्षेनुसार सर्व मार्गांनी मिळून दिवसाला सुमारे ६ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड गेल्यास हाडांवर परिणाम होऊ लागल्याची चिन्हे दिसतात आणि १४ मिलिग्रॅमला धोका स्पष्ट होतो. म्हणजे एकाच हापशीवरचे दोन शेजारी, पण त्यांतील एक सुरक्षित अंतरावर आणि दुसरा उंबरठ्याच्या आत. वरून त्याच पाण्यात वरण-भात शिजतो, आणि कोरा चहा दिवसातून चार वेळा होतो. चहाच्या पानातही फ्लोराइड असतेच. मजुराच्या ताटात दूध व पालेभाजी कमी असेल, तर कॅल्शियमअभावी आतड्यातून फ्लोराइड अधिक शोषले जाते. व्याधी गरिबाला अधिक गाठते ती नशिबाने नव्हे, तर या गुणाकाराने.

गर्भवती व लहान मुले यांच्याविषयी अलीकडे एक नवी चिंता पुढे आली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या बुद्ध्यंकातील घटीशी संबंध असल्याचे मध्यम खात्रीने म्हटले आहे. त्याखालील प्रमाणाबाबत निष्कर्ष काढता आलेला नाही.

काय करता येते

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट वाफ उडून जाते व उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. फडक्याने गाळणे, विरंजक चूर्ण घालणे, साधी मेणबत्तीची गाळणी वापरणे हे उपाय जंतूंसाठी आहेत. फ्लोराइडवर त्यांचा परिणाम होत नाही. ज्या शिकवणीने आपण पटकीशी लढलो ती येथे उपयोगी पडत नाही, हे आरोग्य कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावयास हवे.

फ्लोराइड काढण्याची एक पद्धत आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, शोधून काढली. तिला ‘नळगोंडा तंत्र’ म्हणतात. पाण्यात चुना व तुरटी ठरावीक प्रमाणात घालून ढवळायचे, जंतुनाशनासाठी विरंजक चूर्ण टाकायचे आणि गाळ तळाशी बसला की वरचे पाणी गाळून घ्यायचे. तुरटीपासून बनलेल्या पुंजक्यांना चिकटून फ्लोराइड खाली बसते. साहित्य किराणा दुकानात मिळणारे आणि कृती घरी बादलीत करण्याजोगी आहे. परंतु तुरटीचे प्रमाण पाण्यागणिक बदलते. ते अंदाजाने घातल्यास एक तर फ्लोराइड पुरेसे जात नाही किंवा अ‍ॅल्युमिनियमचा अंश पाण्यात राहतो. शिवाय हे काम रोजचे आहे, आणि रोज करावे लागणारे काम घरातील कोणावर पडते हे सांगावयास नको. सक्रिय अ‍ॅल्युमिनाच्या गाळण्या चांगले काम देतात. ठरावीक मुदतीनंतर त्यांतील भुकटी रसायनांनी पुन्हा कार्यक्षम करावी लागते. तशी व्यवस्था नसेल, तर गाळणी दिसावयास शाबूत असते व पाणी पूर्वीसारखेच येते. शुद्धजलाची विजेवरील यंत्रे फ्लोराइड काढतात, पण बरेच पाणी वाया घालवतात, व ते सदोष पाणी कोठे सोडावयाचे हा प्रश्न उरतो.

त्यामुळे यंत्रापेक्षा दुसरा स्रोत शोधणे अधिक शहाणपणाचे. धरण अथवा नदीवरील प्रादेशिक नळयोजना हा स्थायी उपाय होय, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन अभियानात पाण्याच्या गुणवत्तेने बाधित वस्त्यांना प्राधान्य ठेवले होते. पण नळ आला म्हणजे प्रश्न सुटला असे समजू नये. पंप जळाला, जलवाहिनी फुटली किंवा वीजबिल थकले, की गाव पुन्हा हापशीकडे वळते, आणि उन्हाळ्याचे ते दोन महिनेच सर्वाधिक पाणी पिण्याचे असतात. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. स्वच्छ छपरावरून झाकलेल्या टाकीत साठविलेले पाणी केवळ पिण्यास व स्वयंपाकास वापरले, तर एका कुटुंबास बराच काळ पुरते. सदोष हापशी मोडून टाकण्याचीही गरज नाही. धुण्याभांड्यास व स्नानास तिचे पाणी चालते, कारण कातडीवाटे फ्लोराइड शरीरात जात नाही म्हटले तरी चालेल. केवळ तिच्यावर ‘पिण्यास व स्वयंपाकास अयोग्य’ असे ठळक रंगाने लिहून ठेवावे आणि रंग उडाला की पुन्हा लिहावे. आहारात दूध, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात विनामूल्य मिळणारी तरोट्याची भाजी आणि आवळा यांची भर घातल्यास शरीरास साह्य होते. सदोष पाणी चालू ठेवून केवळ भाजीवर विसंबता मात्र येणार नाही.

नमुना कसा द्यावा

पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी दोनदा व्हावयाची असते. ग्रामपंचायतीस मिळणारे हिरवे, पिवळे अथवा लाल कार्ड हे प्रामुख्याने स्रोताची स्वच्छता व जंतूंचा धोका दर्शविते. हिरवे कार्ड आहे म्हणून पाण्यात फ्लोराइड नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी रासायनिक तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीकडे स्वतंत्रपणे मागावा.

नमुना घेण्याचे काम जलसुरक्षक करतो. त्यासाठी एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. फ्लोराइड काचेवर क्रिया करीत असल्याने काचेची घेऊ नये. हापशी प्रथम काही मिनिटे चालवून नळीतील साचलेले पाणी जाऊ द्यावे, मग त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळून ती भरावी. बाटलीवर गाव, आळी, स्रोताचा क्रमांक व दिनांक लिहावा. गावात चार हापश्या असतील तर चार बाटल्या भराव्यात. खाजगी शेतातील ज्या विंधनविहिरीचे पाणी मजूर दुपारी पितात, तिची पाचवी. पावसाळ्यानंतर प्रमाण कमी आणि उन्हाळ्यात अधिक असा फरक अनेक स्रोतांत पडतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास घेतलेला नमुना निर्दोष आला असला, तरी त्याच हापशीची दुसरी बाटली एप्रिल-मेमध्ये भरून पाठवावी आणि दोन्ही अहवाल एकाच धारिकेत लावून ठेवावेत.